क्लचची नसलेली वायर

गाडी बिघडली म्हणून मला राग आलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गाडी बिघडतेच. राग आलाय तो त्या चार दिवसांत आमच्या सोसायटीतल्या ज्या ज्या माणसाने “क्लच गेला वाटतं, तावडे?” असं म्हणत माझ्याकडे बघितलं, त्या प्रत्येकाचा. जसा काही तो क्लच मीच काढून भंगारात घातला होता! त्या सगळ्यांची नावं माझ्या लक्षात आहेत.

चौतीस वर्षं मी विम्याच्या कचेरीत नुकसानभरपाईचे दावे तपासले. माझ्या टेबलावरून एकही खोटा दावा पुढे सरकला नाही. खरेही फारसे सरकले नाहीत असं काही सहकारी म्हणत, पण तो त्यांचा मत्सर. मुद्दा असा की, नुकसान कशाने झालं आणि दोष कोणाचा हे एका नजरेत ठरवणं हे माझं कामच होतं. कारण सापडलं की शेरा मारायचा आणि फाइल बंद.

याच शिस्तीने आठ महिन्यांपूर्वी मी आमच्या गाडीतल्या वासाचा तपास लावला होता. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई सारखी ओली व्हायची आणि गाडीत एक उग्र, शिळ्या मासळीसारखा वास भरून राहायचा. आमच्या सौ. नलिनीताई दर रविवारी बोरिवलीच्या बाजारातून मासळी आणायच्या आणि पिशवी माझ्या सीटच्या मागे ठेवायच्या. मी ब्रेक मारला की पिशवीतलं पाणी उताराने पुढे येतं आणि माझ्या पायाखाली जमतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. नलिनी म्हणाली, “अहो, माझी पिशवी कोरडी असते. मी आत दुसरी पिशवी घालते.” आरोपी असंच म्हणतो. मी दुसऱ्या दिवशी एक चिठ्ठी टाइप करून डॅशबोर्डवर चिकटवली: ‘या वाहनात मासळी आणण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ तेव्हापासून ती रिक्षाने मासळी आणते. चटई त्यानंतरही ओली राहिली, पण जुनं पाणी मुरलेलं असतं, ते काही लगेच जात नाही.

तर त्या बुधवारी सकाळी मी गाडीत पेट्रोल आणि हवा भरायला निघालो होतो. शनिवारी मोठी जबाबदारी होती. आमच्या शेजारच्या क्लिफर्डच्या मुलीचं, किम्बर्लीचं, रविवारी मनोरीच्या चर्चमध्ये लग्न. मनोरी हे क्लिफर्डचं मूळ गाव. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बॅण्ड लावून विहिरीवर जातात, गाणी म्हणत पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. गाणी सगळी जुनी, आणि ती शेवटपर्यंत पाठ असणारी घरात एकच बाई उरलेली: क्लिफर्डची आई ल्युसीमावशी, वय वर्षं चौऱ्याऐंशी. मावशींचा उजवा गुडघा वाकत नाही. मार्वेच्या जेट्टीवरून होडीने दहा मिनिटांत मनोरी, पण होडीत चढायचं कसं? भाड्याची टॅक्सी बोलवावी तर मनोरी ऐकलं की ड्रायव्हर बुकिंग रद्द करतो, कारण परतीचं भाडं मिळत नाही. आमची गाडी उंच आहे, मावशींना गुडघा न वाकवता बसता येतं. म्हणून मी भर जिन्यात छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “क्लिफर्ड, मावशींना मी नेणार. भाईंदर, उत्तन, गोराई असा वळसा घालून नेईन, पण पाच वाजता विहिरीवर उभं करीन. शब्द देतो.”

आणि बुधवारी सव्वाआठ वाजता सोसायटीच्या गेटमधल्या उंचवट्यावर मी क्लच दाबला आणि तो खाली गेला तो वर आलाच नाही. पायाला काही लागलंच नाही. जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसं झालं. गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू करून गिअर टाकायला गेलो तर कर्रकर्र असा आवाज, की दुसऱ्या मजल्यावरची माणसं खिडकीत आली. माझ्या मागे दोन स्कूल व्हॅन आणि एक डॉक्टर. डॉक्टर हॉर्न वाजवत होते. रुग्णाशीही असेच वागत असणार.

वॉचमनने आणि व्हॅनवाल्यांनी ढकलून गाडी परत माझ्या जागेवर नेली. मी आत स्टिअरिंग धरून बसलो होतो. स्वतःच्याच गाडीत बसून लोकांकडून ढकलून घेताना चेहरा कसा ठेवावा, हे कोणी शिकवत नाही.

पहिले धावून आले सीतारामकाका. तळमजल्यावर राहतात, तीस वर्षं अंधेरी ते बोरिवली रिक्षा चालवली. त्यांनी गाडीला हातही न लावता निकाल दिला, “वायर तुटली.”

“मलाही तेच वाटलं,” मी म्हणालो. आणि ते खरंच होतं. वीस वर्षं माझ्याकडे स्कूटर होती. आमच्या पिढीतला स्कूटरवाला डिकीत क्लचची एक जादा वायर ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. एकदा मालाड सबवेच्या तोंडाशी मी अकरा मिनिटांत वायर बदलली होती, पॅण्टला डाग न पाडता. त्यामुळे क्लच म्हणजे वायर, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

गुरुवारी सकाळी मी वायर आणायला गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानातल्या तरुणाने मॉडेल विचारलं, साल विचारलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, “अंकल, या गाडीला क्लच वायर येत नाही.”

“स्टॉकमध्ये नाही म्हणा.”

“तसं नाही अंकल, येतच नाही. तुमचं हायड्रॉलिक आहे.”

“हायड्रॉलिक ब्रेक असतो. मी क्लचबद्दल बोलतोय.”

“क्लचपण हायड्रॉलिकच आहे.”

हल्ली हे असं झालंय. माल नसला की नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून ती वस्तू जगातच नाही असं सांगतात. मी त्याला शांतपणे म्हणालो, “तुझ्या कॉम्प्युटरला माहीत नसेल. त्याच्या जन्माआधीपासून मी क्लच दाबतोय.” आणि बाहेर पडलो. मागून तो हसला की खोकला ते कळलं नाही. तो हसला असंच मी धरून चाललोय.

सीतारामकाका म्हणाले, “राहू दे रे सुबोध. आधी तुटलीय कुठे ते बघू, माझ्याकडे रिक्षाची पडलीय, तीच ओढून बसवू.” आम्ही बॉनेट उघडलं. अर्धा तास दोघेही आत डोकं घालून उभे. स्कूटरला कसं, सगळं समोर दिसतं. इथे नळ्या, डबे आणि काळे पाइप. शेवटी मला पुढच्या बाजूला, दिव्याच्या मागून जाणारी एक वायर दिसली. काळं आवरण, टोकाला शिशाचा गोळा. अगदी स्कूटरच्या क्लचची असते तशीच! मला भरून आलं.

“ढिली पडलीय,” काका म्हणाले, आणि त्यांनी पकडीने ती जोरात ओढली. खट् असा आवाज झाला. “बसली!” ते म्हणाले. मी बॉनेट लावलं, आत बसलो, क्लच दाबला. पाय जमिनीला टेकला. म्हणून पुन्हा बॉनेट उघडायला आतला खटका ओढला, तर तो अख्खा हातात आला.

ती बॉनेट उघडायचीच वायर होती. आता गाडीचा क्लचही चालत नव्हता आणि तो का चालत नाही हे बघायची वाटही बंद झाली होती. सीतारामकाका “माझी बीपीची गोळी राहिली” असं म्हणून निघून गेले.

त्या दुपारी माझ्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याच गाडीचा फोटो आला, नंबरसकट. खाली यज्ञेशचा मजकूर: ‘नियम क्रमांक १४. आवारात वाहन दुरुस्ती करू नये. पेव्हर ब्लॉकवर ऑइलचे डाग आढळल्यास संबंधित सभासद जबाबदार.’ यज्ञेश आमचा सेक्रेटरी. वय पस्तीस, पण नोटिसा लिहिताना साठ. मी त्याच्या घरी गेलो.

“तावडेकाका, पर्सनल काही नाही,” तो म्हणाला. “तुम्ही परवानगीचा अर्ज द्या, कमिटी मंजूर करेल.”

“कधी?”

“मीटिंग रविवारी.”

“माझं काम शनिवारचं आहे!”

“मग सोमवारसाठी अर्ज द्या.”

डागाबद्दल मी त्याला खाली नेऊन दाखवलं की, फोटोतला डाग माझ्या गाडीचा नसून वरच्या एसीच्या पाण्याचा आहे आणि तो एसी त्याचा आहे. माझ्या गाडीखाली एक थेंब नव्हता. तो म्हणाला, “ओके, डागाचं मागे घेतो. नियम राहतो.” वर आणखी म्हणाला, “हवं तर शनिवारी माझी गाडी घ्या ना. ऑटोमॅटिक आहे, क्लचची कटकटच नाही.” एक तर त्याची गाडी इतकी बुटकी, की ल्युसीमावशींना तीत झोपवूनच न्यावं लागलं असतं. आणि दुसरं म्हणजे, ते ‘कटकटच नाही’ म्हणताना तो हसला.

जिन्यात क्लिफर्ड भेटला. तो सामान घेऊन मनोरीला निघाला होता. “सुबोध, टेन्शन नको घेऊस यार,” तो म्हणाला. “नाही जमलं तर नाही. माय इथेच राहील, रविवारी कोणीतरी येऊन चर्चला घेऊन जाईल. उंबराचं पाणी काय, पोरी मोबाइलवर गाणी लावतील.”

तो हे समजूतदारपणे बोलला, म्हणून जास्त लागलं. मी “शनिवारी पाच वाजता” एवढंच म्हणालो आणि घरी येऊन जेवलो नाही. नलिनीने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, “गुणाजीला बोलावू का? माझ्या माहेरच्या शेजारच्या वाडीतला आहे. वझिऱ्याला त्याचं गॅरेज आहे.” मी म्हणालो, “गाडीच्या कंपनीची सेवा आहे आपल्याकडे, रस्त्यावरचा मेकॅनिक कशाला?”

शुक्रवारी सकाळी मी त्या सेवेचा अनुभव घेतला. फोनवरच्या बाईंनी प्रथम विचारलं, “सर, आपण सुरक्षित ठिकाणी आहात का?” मी म्हणालो, “सोसायटीत आहे.” त्यावर त्या म्हणाल्या, “लाइनवर राहा, फोन ठेवलात तर विनंती रद्द होईल.” चाळीस मिनिटांनी गाडी ओढणारा ट्रक गेटवर आला. आमच्या गेटवर कोणीही आलं की मालकाच्या फोनवर परवानगीचा कॉल येतो. तो घेतल्याशिवाय वॉचमन दांडा उचलत नाही. म्हणजे फोन ठेवला तर ट्रक रद्द आणि नाही ठेवला तर ट्रक बाहेर. मी गेटपासून दहा फुटांवर उभा राहून वॉचमनला ओरडून सांगितलं की सोड त्याला. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही तावडे आहात हे मला माहीत आहे, पण सिस्टमला कसं कळणार?” शेवटी नलिनीच्या फोनवरून परवानगी दिली, तर ट्रक गेटच्या कमानीला अडला. ड्रायव्हरने ‘ग्राहकाच्या आवारात प्रवेश अशक्य’ असं लिहून माझी सही घेतली. चौतीस वर्षं मी लोकांच्या अर्जांवर असे शेरे मारले. स्वतःवर मारून घ्यायला कसं वाटतं, ते त्या दिवशी समजलं.

मी वर येऊन बसलो. तासाभराने खालून आवाज आला म्हणून गॅलरीतून बघितलं, तर माझी गाडी गेटबाहेर चालली होती. नलिनी स्टिअरिंगवर आणि मागून वॉचमन, इस्त्रीवाला आणि यज्ञेश ढकलतायत. होय, यज्ञेश! मी धावत खाली गेलो.

“आवारात दुरुस्ती करायची नाही ना?” नलिनी म्हणाली. “मग आवाराबाहेर करू. दहा फुटांचा तर प्रश्न आहे.” यज्ञेश घाम पुसत म्हणाला, “काकींचं बरोबर आहे. नियमात बसतं.” हा उपाय मला सुचला नसता असं नाही. मी तत्त्वासाठी भांडत होतो, म्हणून वेळ लागला.

गाडीशेजारी एक बारीक, पांढऱ्या मिशांचा माणूस उकिडवा बसला होता. हाच गुणाजी. त्याने पुढच्या जाळीतून एक आकडा घातला, दोन मिनिटांत बॉनेट उघडलं आणि आतली तुटलेली वायर बघून म्हणाला, “ही कोणी ओढल्यान?”

मी म्हणालो, “आधीची असेल.”

तो मालवणीत बोलत होता आणि बोलता बोलता बोटाने दाखवत होता. “तावडेनू, हेका क्लचची वायर नाय. ह्या तेलार चलता.” पेडलच्या मागे एक पिचकारी असते, म्हणजे मास्टर सिलिंडर. पाय दाबला की ती तेल ढकलते, तेल नळीतून गिअरबॉक्सकडे जातं, तिथे दुसरी छोटी पिचकारी असते, ती क्लच सोडवते. मध्ये तेल कमी झालं आणि हवा शिरली की पेडल नुसतं खाली जातं, कारण हवा दबते, तेल दबत नाही. तेलाचा डबा ब्रेकचा आणि क्लचचा एकच. त्याने तो दाखवला. त्यातलं तेल खाली गेलं होतं.

“पण खाली एक थेंब गळलेला नाही,” मी पुराव्यासकट म्हणालो. “डागाचा तपास मी स्वतः केलाय.”

“भायर खयसून दिसतला?” गुणाजी म्हणाला. त्याने ड्रायव्हरचं दार उघडलं, चटई उचलली, पेडलच्या वरच्या अंगाला हात घातला आणि ओली बोटं बाहेर काढून हुंगली. मग ती माझ्या नाकाखाली धरली. उग्र, शिळ्या मासळीसारखा वास. “मास्टर सिलिंडर आत गळता. दांड्यावरसून पेडलार, पेडलावरसून चटयेर. जुन्या तेलाक असोच वास येता. ह्या किती दिवस ओला आसा?”

कोणी विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

“आठ महिने,” नलिनी म्हणाली.

गुणाजीचं लक्ष तेवढ्यात डॅशबोर्डवरच्या चिठ्ठीकडे गेलं. त्याने ती वाचली, ‘आदेशावरून’पर्यंत. मग त्याने माझ्याकडे बघितलं, नलिनीकडे बघितलं आणि पाना शोधायला पिशवीत डोकं घातलं. नलिनीने ती ओली चटई उचलून उन्हात टाकली. ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. आठ महिन्यांचे रविवार, म्हणजे तीस-पस्तीस वेळा ती मासळीची पिशवी घेऊन रिक्षाच्या रांगेत उभी राहिली होती, त्यातही निम्मे रिक्षावाले वासामुळे नाही म्हणतात. आणि पिशवीत दुसरी पिशवी होती. मला फार वाईट वाटलं. पण ते तिला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी गुणाजीला म्हणालो, “पार्ट ओरिजिनल टाका.”

पार्ट अंधेरीहून शनिवारी दहाला आला. ल्युसीमावशी अकरालाच तयार होऊन, लाल लुगडं नेसून, गेटजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एक पिशवी आणि पिशवीत विहिरीवर वाहायचं काहीबाही.

“मावशी, वर बसा, वेळ लागेल,” मी म्हणालो.

“कनाला? तू हायस ना? तू नेतंस म्हंजे नेतंस,” त्या म्हणाल्या. इतका विश्वास कोणी दाखवू नये.

साडेबाराला नवा सिलिंडर बसला. आता नळीतली हवा काढायची होती, आणि या कामाला दोन माणसं लागतात. गुणाजी गाडीखाली, गिअरबॉक्सजवळच्या छोट्या बोंडाशी पाना लावून. मी वर पेडलवर. तो म्हणेल तेव्हा दाबायचं, दाबून धरायचं, तो बोंड उघडून हवा आणि तेल बाहेर सोडणार, बोंड बंद करणार, आणि मगच आपण पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा परत आत.

“दाबा… धरा…”

मी दाबलं, धरलं. बुडबुडे आल्याचा आवाज झाला. म्हणजे काम झालं, हे मला त्याच्या आधी कळलं होतं, म्हणून मी पाय उचलला.

“सोडा म्हटलंय मी?” खालून आवाज आला.

दुसऱ्या खेपेला मी नीट धरलं होतं, पण तो इतका वेळ काही बोलेना, की मला वाटलं तो सोडा म्हणायचं विसरला. तिसऱ्या खेपेला क्लिफर्डचा फोन आला आणि तो घेताना पाय आपोआप उचलला गेला. चौथ्या खेपेला काय झालं ते मला आठवत नाही. बाटलीतलं अर्धं तेल संपलं होतं, पावणेदोन वाजले होते आणि पेडल अजून लोण्यासारखं होतं. गुणाजी गाडीखालून बाहेर आला. त्याच्या मिशीवर तेल होतं.

“तावडेनू,” तो शांतपणे म्हणाला, “उतरा. वयनी, तुमी बसा.”

भर रस्त्यात, ल्युसीमावशींच्या, वॉचमनच्या आणि गॅलरीतून बघणाऱ्या सीतारामकाकांच्या समोर मला माझ्याच गाडीतून उतरवण्यात आलं. मी म्हणालो, “तिला सवय नाही.”

“एकतीस वर्षं दुसऱ्याच्या सांगण्यावरून दाबून धरायची सवय आहे मला,” नलिनी म्हणाली आणि बसली. मावशी पोटभर हसल्या.

“दाबा. धरा. सोडा.” सात वेळा. वीस मिनिटांत हवा गेली. मग गुणाजीने पेडलच्या दांड्यावरचा नट फिरवत नलिनीला विचारलं, “वयनी, पायाक कसा वाटता? वर बोटभर खेळ व्हयो, मगे क्लच धरूक व्हयो.” ती म्हणाली आणखी थोडं खाली, आता थोडं वर, आता बरोबर. गाडी माझी, पण माप तिच्या पायाचं घेतलं गेलं. हे माझ्या लक्षात आलं, पण तोपर्यंत अडीच वाजले होते.

मावशींना पुढच्या सीटवर बसवलं, नलिनी मागे, मी स्टिअरिंगवर. यज्ञेशही खाली आला होता. मी रुबाबात गिअर टाकला, नेहमीसारखा क्लच सोडला आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. दहा वर्षं माझा पाय एका जागी क्लच सोडायला शिकलेला; आता ती जागाच बदलली होती. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मावशींनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि मागे वळून म्हणाल्या, “नलिने, तू बस गो. यो मना विहिरीवर नाय, वरती पोचवील.”

“तिला चालवता येत नाही, मावशी,” मी म्हणालो.

नलिनीने पर्स उघडून लायसन्स काढलं. सात वर्षांपूर्वी तिने मोटार ट्रेनिंग स्कूलच्या बायकांच्या बॅचमध्ये शिकून ते घेतलं होतं, हे मला माहीत होतं. मीच तेव्हा म्हणालो होतो की आपल्या गाडीचा क्लच जड आहे, तुला झेपायचा नाही. मी माझी घड्याळं बघितली, हातातलं आणि डॅशबोर्डवरचं. दोन्हींत पावणेतीन. शब्द मी दिला होता, पण तो आता माझ्या पायाने पाळला जाणार नव्हता. मी उतरलो आणि मागे जाऊन बसलो. बोलायचं काही नव्हतं, तरी दहिसरच्या नाक्यापर्यंत मी “हळू, डावीकडे घे, हळू” असं बोलत राहिलो. भाईंदर आल्यावर मावशी म्हणाल्या, “सुबोधा, जरा गप ऱ्हा. मना गानी आठवूची हायत.” मग मी गप्प राहिलो आणि मावशी उत्तनपर्यंत पुटपुटत गाणी जुळवत गेल्या. नलिनीने एकदाही गिअर करकरवला नाही, हे मी नमूद करतो.

पाचला चार मिनिटं कमी असताना आम्ही विहिरीशी पोचलो. बॅण्डवाले बसून होते. मावशींनी दार उघडायच्या आत, सीटवरूनच, पहिलं गाणं उचललं. आवाज कापत होता, पण शब्द अडखळला नाही. घरातल्या बायका धावत आल्या, किम्बर्ली रडायला लागली, क्लिफर्ड तर आधीपासूनच रडत होता. मी हात पुढे करून उभा राहिलो. क्लिफर्डने माझ्या अंगावरून पुढे जाऊन नलिनीला मिठी मारली आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “झकास, सुबोध! आणलंस मायला.” मी नाही म्हणालो नाही. सगळे विहिरीकडे गेल्यावर मी गाडीत बसून नखाने ती चिठ्ठी खरवडून काढली. ‘आदेशावरून’ तेवढं निघालं नाही, घट्ट बसलं होतं.

लग्न छान झालं. सोमवारी सकाळी निघताना क्लिफर्डच्या बहिणीने पहाटे आलेल्या ताज्या बोंबलांची मोठी पिशवी दिली. नलिनी स्टिअरिंगवर बसली होती. पिशवी बघून ती थांबली आणि म्हणाली, “डिकीत ठेवा. नाहीतर राहू दे, शेजाऱ्यांना देऊन टाकू.” तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं.

“कशाला?” मी म्हणालो. मी तिच्या शेजारी बसलो आणि पिशवी माझ्या दोन पायांत ठेवली. आत दुसरी पिशवी नव्हती, एवढं मला दिसत होतं.

उत्तनच्या वळणावर एक बैल आडवा आला, नलिनीने ब्रेक मारला आणि पिशवी कलंडली. थंडगार पाणी माझ्या मोज्यांतून बोटांपर्यंत गेलं.

तिने एकदा माझ्या पायांकडे बघितलं. “अहो, पाय भिजले का? मासळीचं पाणी सांडलं ना?”

“छे गं,” मी म्हणालो. “ऑइल असेल.”